सोमजाईचा कौल आणि टेबलफॅन

"देवीला घाई नाय. तुम्हाला असली तर घरी जाऊन पेज जेवून या." गंगाराम गुरव हे वाक्य किती वेळा म्हणाला असेल, ते सोमजाईलाच ठाऊक. कौल लावला की माणसं चुळबुळायची आणि हा खांबाला टेकून निवांत पान जमवत बसायचा.

कौल म्हणजे आमच्या गावाचं सुप्रीम कोर्ट. देवीच्या काळ्या पाषाणावर दोन ओल्या कळ्या चिकटवायच्या, एक उजवीकडे, एक डावीकडे. गुरवाने खड्या आवाजात गाऱ्हाणं घालायचं आणि मग सगळ्यांनी वाट बघायची. उजवी आधी पडली तर होकार, डावी पडली तर नकार. निकाल गुरवाने मोठ्याने बोलून दाखवला की कौल पुरा. शेजारच्या हेदवीला पर्यटक गाड्या भरभरून जातात, आमच्याकडे कोणी वळत नाही. पण हेदवीतली माणसं गुपचूप कौलाला आमच्याकडेच येतात, हे मी मुद्दाम लिहून ठेवतो.

मग संदेश दुबईहून परतला आणि देवस्थान समितीचा सेक्रेटरी झाला. त्याने जग पाहिलं होतं, म्हणजे तिथले मॉल पाहिले होते. त्याने देवळात वायफाय आणलं. गावच्या नळाला एक दिवसाआड पाणी येतं, देवीला रेंज मात्र चोवीस तास. 'ऑनलाइन कौल' सुरू झाला. मस्कतहून कोणी विचारी, नोकरी बदलू का. न्यू जर्सीहून कोणी विचारी, घर घेऊ का. सोमजाईने उभ्या जन्मात खाडीपलीकडचं काही पाहिलं नव्हतं. आता तिला व्हिसाचे प्रकार पाठ झाले.

गंगारामही काही संत नव्हता. कॅमेरा आला तसे त्याने केस काळे केले. गाऱ्हाण्यात 'साता समुद्रापलीकडे लॅपटॉपवर बसलेल्या लेकरांना सुखी ठेव, महाराजा' असं घुसडलं. परदेशातून कोणी 'गुरुजी' म्हटलं की संध्याकाळपर्यंत तो घरात बायकोशीसुद्धा गुरुजींसारखाच बोलायचा. फक्त एकदा चिकटवलेल्या कळीला तो हात लावत नसे, दुसऱ्या कोणाला लावू देत नसे.

मालनकाकूंचा मुलगा सर्वेश मेलबर्नला असतो. घर आणि आंब्याची कलमं विकून आईने तिकडे यावं, असं त्याचं म्हणणं. काकूंना जायचं नव्हतं; पण एकुलत्या एका मुलाला तोंडावर नाही कसं म्हणायचं? म्हणून त्या म्हणाल्या, "देवी सांगेल तसं." देवी आपल्याच बाजूची आहे, अशी त्यांची खात्री होती. तिकडे सर्वेशचीही तीच खात्री होती.

सकाळी कळ्या लागल्या. स्टँडवर फोन, फोनमध्ये सर्वेश. कळ्या ढिम्म.

"आई, माझा लंच ब्रेक संपतोय गं. अजून किती वेळ?"

"मी काय सांगू बाबा? तिला विचारू, आटप म्हणून?"

"गंगारामदादा," संदेश म्हणाला, "लाइनीत अजून दोन देश हायत."

"मग देशांना सांग, बसा खाली."

गाभाऱ्यात एक टेबलफॅन होता. गुरवाचा घाम स्क्रीनवर बरा दिसत नाही म्हणून समितीने घेतलेला. संदेशने त्याचं तोंड पाषाणाकडे फिरवलं आणि बटण दाबलं. उजवी कळी उडून समईपाशी पडली.

"झाला! होकार!" संदेश ओरडला.

"थँक यू, सोमजाई!" सर्वेशने टाळी वाजवली. "आई, तिकीट काढतो."

मालनकाकूंनी हात जोडले. होकाराला हात जोडायचे, एवढं त्यांच्या अंगवळणी होतं. डोळे मात्र कोणीतरी घरातून बाहेर काढल्यासारखे झाले.

गंगाराम उठला. त्याने आधी फॅन बंद केला.

"हा कौल नाय."

"उजवी पडली दादा, सगळ्यांनी बघितली. रेकॉर्डिंग हाय."

"पडली नाय, उडाली."

"अहो, वारा पण देवीचाच ना?"

"आणि बटण रे कोणाचा?"

"गुरुजी, प्लीज," फोनमधून सर्वेश म्हणाला, "तेवढं बोलून टाका ना. मला मीटिंग आहे."

संदेश जवळ आला, आवाज उतरवून म्हणाला, "बोला. नायतर उद्यापासून दुसरा पुजारी बसेल. चिपळूणचा एक तयार हाय. इंग्रजी पण बोलतो."

गंगारामच्या घराण्याची गुरवकी आजोबा-पणजोबांपासूनची. त्याने पाषाणाकडे पाहिलं, फोनकडे पाहिलं, मग मालनकाकूंकडे.

"वैनी, देवी काय बोललेली नाय. जायचं की नाय, तां आता तूच बोल."

काकूंचे जोडलेले हात हळूहळू सुटले. त्या फोनपाशी गेल्या, तो स्टँडवरून उचलला आणि पदराने उगाच पुसला.

"सर्वेश, मी नाय येत रे. देवीचं नाव मध्ये नको. मलाच नाय यायचं."



गंगारामने कमरेची देवळाची किल्ली काढून संदेशच्या हातावर ठेवली, खांद्यावर पंचा टाकला आणि तो पाखाडीच्या जांभ्याच्या पायऱ्या उतरू लागला. चप्पल देवळापाशीच राहिली. तो परत फिरला नाही. संदेश चिपळूणला फोन लावण्यात गुंतला होता. मालनकाकू उंबऱ्यावर उभ्या राहून पाहत होत्या. त्यांच्या हातातला फोन बाहेर तोंड करून धरलेला होता, त्यामुळे मीटिंग सोडून सर्वेशही पाहत होता: काळे केलेले केस, उघडी पाठ, आणि फणसाच्या वळणाआड दिसेनासा होत गेलेला एक माणूस.