आक्का ‘छान’ म्हणत नाहीत

आमच्या सेटवर तीन कॅमेरे आहेत, पण सांगण्यासारखं जे घडतं ते बहुतेक वेळा तिन्ही बंद असताना! मग चहाच्या वेळी कुणीतरी ते कुणाला सांगतं, आणि किस्से साचत जातात. कोल्हापुरातल्या या स्वयंपाकाच्या कार्यक्रमाचा मी लेखक. कार्यक्रम आक्कांचा. आक्का म्हणजे प्रसिद्ध गायिका रेवतीची आई.

आक्का टीव्हीवर आल्या त्याही चुकून. रेवतीची मुलाखत घ्यायला चॅनेलची माणसं शिवाजी पेठेतल्या घरी गेली होती. आईला विचारलं, “लेकीचं गाणं ऐकून काय वाटतं?”

“बरं गाती. पण पावणं, तुमी सकाळपास्नं उपाशी हायसा. आधी जेवा की!”

मुलाखत राहिली बाजूला, आक्कांनी कॅमेऱ्यासमोर तांबडा रस्सा करून दाखवला. तो व्हिडिओ रेवतीच्या गाण्यांपेक्षा जास्त चालला! रेवती अजून म्हणते, “मी वर्षानुवर्षं रियाज केला. आईनं एक कांदा भाजला!”

पहिल्या भागासाठी मी चार पानं संवाद लिहिले होते. आक्कांनी मन लावून वाचले, घडी घालून परत दिले. “भाऊ, झ्याक लिवलंय. पण ह्ये बोलत बसलो तर कालवण खाली लागंल!”

तेव्हापासून मी फक्त पाहुण्यांची ओळख लिहितो.

पन्हाळ्यावर शूटिंग होतं. रेवतीही हौसेने आली होती. एका बाईंनी आक्कांसोबत सेल्फी काढला आणि रेवतीकडे बघून विचारलं, “ह्या कोण?”

“माझी लेक. गाती जरा.”

रेवती पोट धरून हसली. नंतर मला हळूच म्हणाली, “सगळे छान म्हणतात हो. हिच्या तोंडून एकदा ऐकायचंय.”

एकदा नवा कॅमेरा सारखा बंद पडायला लागला. आक्कांनी मीठ, मोहरी आणि सुक्या मिरच्या त्याच्यावरून उतरवून चुलीत टाकल्या. मिरच्या जळूनही ठसका आला नाही, तर दृष्ट जबर, हा त्यांचा हिशोब. “बघा, कोण खोकलं न्हाय. लई कडक हुती!”

“आक्का, एक्झॉस्ट फॅन चालू आहे!” कॅमेरामन म्हणाला.

कॅमेरा सुरू झाला, हे मात्र खरं.

माझी पत्नी गेली, त्यानंतर महिन्याभराने मी सेटवर परतलो. सगळे माझ्याशी हळू आवाजात बोलत होते. आक्कांनी ताट वाढलं. म्हणाल्या, “आज तिखट जरा जास्त झालंया. डोळ्यातनं पाणी आलं तर येऊ द्या.”

वाटीत पांढरा रस्सा होता. त्याला तिखट नावालाच असतं.

दिवाळीच्या भागात रेवती पाहुणी म्हणून आली. दिग्दर्शक समीरने आक्कांना आधीच विनवलं, “आज तेवढं ‘छान’ म्हणा. डोळे पाणावले तर उत्तमच!”

आवाज नको म्हणून फॅन बंद केला. आक्का भाकरी थापताना जी ओवी म्हणायच्या, तीच रेवतीने गायली. संपल्यावर तिन्ही कॅमेरे आक्कांच्या चेहऱ्यावर. रेवतीही तिकडेच बघत होती.

आक्का उठल्या. मूठभर मीठ-मोहरी आणि सुक्या मिरच्या घेतल्या, लेकीवरून उतरवल्या आणि चुलीत टाकल्या.

पहिल्यांदा साउंडवाला पळाला. समीर इतका खोकत होता, की “कट” म्हणायचंही त्याला सुधरेना. रेवती ओढणी तोंडावर धरून ठसकत होती, हसत होती. आक्कांच्या स्वतःच्या डोळ्यांतून धारा लागल्या होत्या.

खोकला कसाबसा आवरून त्यांनी पदराने डोळे पुसले आणि आम्हा सगळ्यांवर नजर फिरवली.

“कुणाला ठसका आला का? न्हाय न्हवं? बघा, केवढी दृष्ट लागलीया माझ्या लेकीला!”