शेवटच्या घरातलं प्रेशर

रविवार, नऊ तारीख. नानांच्या दहाव्याला हजर: त्यांच्या पत्नी माई, दोन्ही मुलं, सुना, आष्टीहून आलेली धाकटी बहीण, आणि आमच्या कॉलनीतल्या प्रत्येक घरातलं निदान एक माणूस. बारा नंबरच्या सुमनबाई सगळ्यांच्या आधी आल्या आणि सगळ्यांच्या शेवटी गेल्या. माझ्याशी बोलल्या नाहीत. कॉलनीची सचिव म्हणून हजेरी मांडायची सवय लागली आहे, ती अशा ठिकाणीही सुटत नाही.

नाना बीडच्या पाणीपुरवठ्यात व्हॉल्व्हमन होते. पाणी सोडायचं, बंद करायचं आणि नळाला चोरून मोटर लावणारी घरं धरायची, यात त्यांची सगळी नोकरी सरली. आपल्याकडे नळ आठ-दहा दिवसांनी येतो, त्यामुळे पाणी कमी आलं की शेजाऱ्याने मोटर लावली असणार, हा हिशेब इथे लहानपणापासून डोक्यात बसतो. नाना भिंतीला कान लावून मोटर ओळखत. निवृत्त झाल्यावरही कान तसाच राहिला. दूधवाल्याला ते म्हणायचे, "लेकरा, तुझ्यावर भरवसा हाय, पर माप माझंच."

कॉलनीत पाइपचा गॅस आला तेव्हा गॅस कंपनीच्या ऑफिसने घरोघरी कार्ड दिलं, घरातलं प्रेशर एकवीस मिलिबार असेल म्हणून. नानांचं घर चौदावं, ओळीतलं शेवटचं. संध्याकाळी ज्योत बुटकी व्हायची आणि माईंची भाकरी फुगायची नाही. नानांनी फळीवर पारदर्शक नळी वाकवून बसवली, तिच्यात पाणी भरलं, एक टोक गॅसच्या पाइपला जोडलं, शेजारी मोजपट्टी ठोकली. एकवीस मिलिबार म्हणजे पाण्याच्या दोन पातळ्यांत एकवीस सेंटिमीटरचं अंतर. संध्याकाळी सात वाजता ते चौदा भरलं. तक्रार केली, माणूस आला तो सकाळी अकराला. तेव्हा एकवीस. "सगळं बरोबर आहे काका," म्हणाला. "अकरा वाजता कोण सैपाक करतंय बे? साताला ये की," नाना म्हणाले. तो आला नाही... आणि मग आम्ही सगळ्यांनी तेच केलं जे इथली माणसंच करतील. कुणीतरी गॅसला मोटर लावली, असं ठरवून टाकलं.

संशय सुमनबाईंवर गेला. त्या डबे करतात, दोन शेगड्या संध्याकाळभर चालू. नाना त्यांच्या भिंतीला कान लावायला लागले. एकदा सुमनबाई खिडकीतून पाहून म्हणाल्या, "नाना, बाहेरून कावून ऐकता? आत या, शेगडीवरच बसा, चांगलं ऐकू येईल." आम्ही हसलो, पण त्या दिवसापासून नानांनी त्यांना नमस्कार करणं सोडलं. मी वेगळं काय केलं? रजिस्टरात चौदा घरांची यादी केली आणि बारा नंबरपुढे प्रश्नचिन्ह काढलं. पुढे बैठकीच्या सह्यांसाठी तेच पान घरोघरी फिरवलं. माझ्या लक्षात आलं नाही. सुमनबाईंनी त्या प्रश्नचिन्हाला लागून, वळणदार अक्षरात सही केली आणि रजिस्टर परत पाठवलं.

महिन्याने ऑफिसच्या माणसांनी कॉलनीच्या तोंडावरच्या गॅसच्या पेटीतला फिल्टर उघडला. माती आणि लोखंडाचा चुरा निघाला. संध्याकाळचं प्रेशर चौदावरून सतरावर आलं, एकवीसवर नाही. नाना दोन दिवस फळीसमोर बसून होते. तिसऱ्या दिवशी माझ्याकडे आले आणि चहा न घेता बोलले.

"ताई, गॅसला मोटर लावली असती तर आजवर एखादं घर उडालं असतं. मला आधीच कळाया पायजे होतं. आपल्या ओळीचा पाइपच बारीक टाकलाय. त्या पोरीच्या नावापुढचं ते चिन्ह काढ."

"तिला सांगू का मी?"

"न्हाई. कान मी लावलाय, मीच सांगणार."

चार दिवसांनी नाना गेले, बसल्या जागी. त्या चार दिवसांत ते बारा नंबरला गेले का, कुणालाच माहीत नाही. माईंना विचारलं, त्या म्हणाल्या, "चप्पल घालून दोनदा निघालते, फाटकातून माघारी आले." तिसऱ्यांदा गेले असतील... किंवा नसतीलही. ऑफिसवर मला अजून भरवसा नाही. मोजणी शेवटच्या घरात, सात वाजता आणि आमच्यासमोर व्हावी, असा अर्ज मी तयार केला आहे. माईंनी पहिली सही केली आणि परवाचा आकडाही मागे लिहून दिला: सोळा.

प्रश्नचिन्ह मी खोडलं. शाईच्या डागाखाली ते अजून दिसतं. अर्जावर तेरा सह्या झाल्या आहेत. बारा नंबरची राहिली आहे. ती मागायला जायचं तर आधी दुसरं काही बोलावं लागेल. तीन वेळा कामाच्या यादीत लिहिलं. आजच्या यादीतही सगळ्यात वर तेच आहे.