भिंतीवरचा दांडा

लकव्यानं आमच्या यांची उजवी बाजू गेली, ताठा मात्र गेला नाही. उल्हासनगरला कॅम्प तीनमधल्या जीन्सच्या कारखान्यात यांनी कटिंग मास्टर म्हणून उमर काढली, हाताखालच्या माणसांवर हुकूम चालवला. आता खरवईच्या फ्लॅटमध्ये बायकोनं धरून बाथरूमला न्यायचं, धुवायचं, याची त्यांना मेल्याहून मेल्यासारखी लाज वाटायची. मी आत असेपर्यंत भिंतीकडे तोंड करून बसायचे. एकदा म्हणाले, "मला एकट्याला जाऊन दार लावता आलं पाहिजे. बाकी काही नको."

मग पलंगापासून बाथरूमपर्यंत भिंतीला स्टीलचा दांडा लावायचं ठरवलं. फॅब्रिकेशनवाला ड्रिल घेऊन आला आणि सरळ भोक पाडायलाच निघाला. बोर्डापासून वायर सरळ वर जाते, म्हणाला. आमच्याकडे गिझरचा पॉइंट मागाहून काढलेला, वायर तिरकी नेलेली. नक्की कुठून, ते मला आठवेना. या घरात आणखी एक झटका मला परवडणारा नव्हता. मी त्याला वाटेला लावलं आणि यांच्या ओळखीच्या सिंधी हार्डवेअरवाल्याकडून भिंतीतली वायर आणि कुठलाही धातू शोधायचा डिटेक्टर मागून आणला. शेठनं मला नीट बजावलं होतं. शोधताना वीज चालू ठेवायची, नाहीतर वायर कळत नाही. भोक पाडताना मेन स्विच बंद. आणि प्लॅस्टिकचा पाइप याला दिसत नाही, तेव्हा नळाच्या वरची भिंत सोडूनच द्यायची.

मी गिझर चालू केला, डिटेक्टर भिंतीला टेकवून हळूहळू सरकवला. जिथे न्यावा तिथे पीं पीं. अख्ख्या भिंतीत वायरीच वायरी भरल्यात की काय, मी डोक्याला हात लावला. हे खुर्चीतून बघत होते. जीभ जड झालेली, पण मला चिडवायची संधी सोडतील तर शपथ. डाव्या हातानं माझ्या मनगटाकडे बोट दाखवून म्हणाले, "पाटल्या वाजतायत तुझ्या."

खरंच, दुसरा हात मी यंत्राला खेटून भिंतीवर टेकवला होता. पाटल्या काढल्या, बरोबर काचेच्या बांगड्याही काढायला लागले, तर हे कासावीस झाले. त्या राहू दे, म्हणाले. नवरा समोर बसलेला असताना बायकोचे हात मोकळे त्यांना बघवेनात. काच काही त्या यंत्राला कळत नव्हती, म्हणून राहू दिल्या.

मग वायर सापडली, गिझरपासून तिरकी खाली आलेली. कापडावर मारायच्या यांच्याच निळ्या खडूनं मी खुणा केल्या. यांची मास्तरकी सुरू झाली. दोन बोटं वर घे, रेघ सरळ मार, पुन्हा फिरवून बघ. मीही उलटून बोलले. लकव्यानंतर आम्ही पहिल्यांदा पूर्वीसारखे भांडलो, आणि मला इतकं बरं वाटलं की काय सांगू.

फॅब्रिकेशनवाल्याला परत बोलावलं. मेन बंद करून भोकं पाडून घेतली, दांडा बसला. हे डाव्या हातानं तो धरून, पाय घासत घासत गेले. दार लावलं. आतून कडी घातली. मी बाहेर पदराला डोळे पुसत उभी राहिले.

त्यानंतर रोज एकटेच जायचे. मी मागून गेलेलं खपायचं नाही.

आता नातेवाईक म्हणतात, निदान कडी तरी काढून टाकायची होती. त्यांना काय सांगू? कडीसाठीच तर ते चालत होते.

एका सकाळी त्यांना पुन्हा झटका आला, आत असताना. शेजाऱ्यांनी दार तोडलं तोवर सगळं संपलं होतं. मी ओट्याशी चहा गाळत होते. जरा आधी कडी लागल्याचा आवाज मी ऐकला होता आणि मनात म्हटलं होतं, चला, आज स्वारी खुशीत आहे.