भिंतीकडची फट

नेकुलायच्या घरातली लाकडी जमीन ऐन उन्हाळ्यात फुगली. पलंग आणि खिडकीच्या मधोमध तिला चक्क पोट सुटलं, आणि पाय ठेवला की ती धप्पकन खाली बसायची. ज्याने रोमानियातल्या बर्लाद गावच्या निम्म्या घरांत जमिनी बसवल्या, त्याच्याच घरी हा तमाशा! त्याने शेजाऱ्यांना घरात घेणंच बंद केलं.

पण लाजेपेक्षा धास्ती मोठी होती. ही जमीन रोदिकासाठी होती. त्याची बायको रोदिका कित्येक वर्षं इटलीत, ब्रेशियाला, एका म्हातारीची देखभाल करत होती. ईस्टरला घरी यायची, काँक्रीटवर अंथरलेल्या जुन्या लिनोलियमवर पाय टेकला की करवादायची, “थडग्यावर उभी आहे असं वाटतं! या काँक्रीटवर मी म्हातारपण काढणार नाही, सांगून ठेवते.”

म्हणून या ईस्टरला नेकुलायने ओकच्या फळ्यांचे खोके आधीच आणून खोलीत रचले, लाकडाला घरच्या हवेची सवय व्हावी म्हणून. ती आल्यावर दोघांनी मिळून जमीन घातली. काँक्रीटवर प्लॅस्टिकचा कागद, म्हणजे ओल वर येत नाही. त्यावर फोमचा पातळ थर. आणि वर फळीत फळी अडकवत न्यायची. खिळा नाही, गोंद नाही, सगळी जमीन आपल्याच वजनावर पडून राहते. भिंतीकडे मात्र चारी बाजूंनी बोटभर फट सोडावीच लागते.

“ही कशाला?” रोदिकाने विचारलं.

“उन्हाळ्यात लाकूड पसरतं. त्याला जागा नको?”

“आणि वारा शिरला म्हणजे?”

“वरून पट्टी लागते गं. फट दिसणारसुद्धा नाही.”

इटलीला परत जायच्या दिवशी तो तिच्या बसचं बघायला गेला, तेवढ्यात भिंतीकडच्या पट्ट्या तिने एकटीनेच ठोकून टाकल्या. निघताना नव्या जमिनीवर अनवाणी उभी राहून म्हणाली, “आता हिवाळ्यात कायमची येते की नाही बघ.” तेव्हापासून तो या एका वाक्यावर जगत होता. अलीकडे मात्र फोनवर विचारलं की ती नुसतं “बघू” म्हणायची.

आणि आता जमीनही रुसली होती. काँक्रीटची ओल असेल, असं म्हणत त्याने एका रविवारी भिंतीकडची पट्टी उचकटली. फट उरलीच नव्हती. तिथे निळ्या फ्लॅनेलच्या चिंध्या सुरीने दाबदाबून ठासल्या होत्या, चारी भिंतींना.

त्याला आधी हसूच आलं. त्या गावात कान ठणको, दात ठणको, खापर फटीतल्या वाऱ्यावर. बसमध्ये लोक घामाने भिजतील, पण दोन खिडक्या एकदम उघडू देणार नाहीत. आणि नेकुलायची कंबर तर दर हिवाळ्यात धरायची. मग त्याने कापड नीट पाहिलं आणि त्याचं हसू मावळलं. हा तिचा घरात घालायचा गाऊन होता. जिला परत यायचं आहे, ती घरातला गाऊन कशाला फाडेल?

त्याने फोन लावला.

“माझ्या जमिनीचा गळा दाबलास तू, बाई. काय कोंबलंस त्या फटीत?”

“मग काय करू? कंबर धरली की शेकणार कोण तुझी? मी इथे दुसऱ्याच म्हातारीची शेकतेय.”

“पण गाऊनच सापडला तुला?”

“तोच सगळ्यांत उबदार होता.”

“मग आल्यावर काय घालशील?”

मागून म्हातारीची हाक ऐकू आली. “आले, सिन्योरा, आले,” रोदिका म्हणाली, आणि त्याला म्हणाली, “ठेवते रे.”

चिंध्या फेकल्या असत्या तर काम तिथेच संपलं असतं. दुसऱ्याच्या घरी त्याने दोन शिव्या देऊन फेकल्याच असत्या. इथे त्याने चारी कडांच्या फळ्या काढल्या आणि आणखी बोटभर कापल्या, म्हणजे लाकडालाही जागा राहील आणि कापडही भिंतीशी राहील. वरून झाकायला दुप्पट रुंद पट्टी आणली. चिंध्या परत घालण्याआधी त्या जमिनीवर एकाशेजारी एक मांडल्या. कॉलर सापडली, बाही सापडली, तेलाचा डाग पडलेला खिसा सापडला. खोलीच्या मधोमध रोदिकाच हात पसरून पडल्यासारखी दिसायला लागली, आणि त्याला तिची इतकी आठवण आली की तो तसाच तिच्या शेजारी बसून राहिला. मग टेप काढून त्याने खांद्यांचं माप घेतलं.

“भर जुलैत फ्लॅनेल?” नवा गाऊन पुढे ठेवत बाजारातली दुकानदारीण हसली. “मापाला बरोबर आहे ना पण?”

“जुन्या गाऊनवरून घेतलंय माप. ती आता तेवढीच आहे का, ठाऊक नाही.”

“नाही बसला तर बदलून देईन. फक्त बाईंना घेऊन या, घालून बघायला.”

काही दिवसांत जमीन खाली बसली, अगदी सपाट झाली. नवा निळा गाऊन दाराच्या मागच्या खुंटीवर टांगलेला आहे. त्यावरची दुकानाची किमतीची चिठ्ठी नेकुलायने अजून काढलेली नाही.