नऊ दुकानं आणि वसावे मॅडम

पालिकेत नोकरी करणाऱ्या माणसाला किस्से गोळा करावे लागत नाहीत. मिरचीच्या हंगामात ठसका जसा न बोलावता येतो, तसे ते येतात! मी आरेखक, म्हणजे नकाशे काढणारा. टेप धरायची, कागदावर रेघा मारायच्या, आणि लोक भांडायला लागले की "साहेबांना विचारा" म्हणायचं, एवढंच माझं काम. पण जुन्या बाजारातल्या एका गल्लीत दोन वर्षं काढली, आणि आता माझ्या खेड्यात, कोरीटला, घरी गेलो तरी पारावरची मंडळी म्हणतात, "हं, ते गल्लीनं सांग." एक सांगितला की त्याच्या मागोमाग दुसरा येतोच.

आधी प्रकरण सांगतो, म्हणजे घोळ व्हायला नको. त्या गल्लीत एका ओळीत नऊ दुकानं. आजोबा-पणजोबांच्या काळातली, सागाच्या कोरीव खांबांची. पण दिसतंय कुठे! पुढे चकचकीत शीट, फ्लेक्स आणि वायरींचं जाळं. पालिकेने योजना आणली की दुकानांचं तोंड मूळच्यासारखं करा, खर्च आधी स्वतः करा, शेवटची पाहणी पास झाली की अनुदान मिळेल. त्यात एक अट अशी होती की ती वाचून मी दोनदा चष्मा पुसला. नऊच्या नऊ दुकानं पास झाली तरच अनुदान. एक जरी राहिलं, तर बाकीच्या आठांनाही ठेंगा!

योजनेवर नेमणूक झाली वसावे मॅडमची. कनिष्ठ अभियंता, धडगावकडच्या, सातपुड्यातल्या. बोलणं कमी. इतकं कमी, की पहिला आठवडाभर मला वाटत होतं, बाई माझ्यावर रागावल्यात.

*

पहिल्या दिवशी आम्ही टेप घेऊन गल्लीत शिरलो. पालिकेची टेप दिसली की आमच्या गावाला एकच शब्द आठवतो, अतिक्रमण! कुणीतरी ओरडलं, "पालिका उनी रे!"

झालं. बाकडी आत, फळ्या आत, लटकवलेल्या बादल्या आत. रस्त्यावर दोन हात पुढे आलेलं एक काउंटर चौघांनी उचलून आत नेलं. पाच मिनिटांत गल्ली इतकी रुंद झाली, की मी जन्मात तशी पाहिली नव्हती.

मी हळूच म्हणालो, "मॅडम, सांगून टाकू का? आपण काढायला नाही, द्यायला आलोय म्हणून?"

मॅडमनी टेपचं टोक माझ्या हातात दिलं.

"सांगू ना. आधी मोजून घेऊ!"

*

गल्लीतलं सगळ्यात मोठं दुकान धनराजशेठचं. मिरचीचे व्यापारी. आवाजही गल्लीत सगळ्यात मोठा. मॅडम त्यांच्या दुकानाचे खांब बघत होत्या, तेव्हा शेठ शेजारच्या मोबाइलवाल्या राजूला अहिराणीत म्हणाले, "हाई बाईले लाकूडमा काय समजस? सिमेंटनी इंजिनियर शे ती!"

शेठचा समज असा, की डोंगरातल्या बाईला अहिराणी कळत नाही. त्यांना काय माहीत, मॅडम पाचवीपासून आमच्याच गावच्या वसतिगृहात वाढल्या! वडील जंगलखात्याच्या लाकूडतोडीवर मजूर होते, हे तर मलाही नंतर कळलं.

मॅडमनी बोटं मुडपली आणि चारही खांबांवर दार ठोकावं तसं ठोकलं. मग शेठकडे वळल्या.

"शेठ, हाऊ साग शे. हाऊबी साग शे. तिसरा मांगेथीन बसाडेल शे, तो साग नही. आन चौथा सागच शे, पन खाले हातभर पोकळ शे."

शेठचा आवाज प्रथमच खाली आला. "कसावरथीन?"

"आवाजवरथीन."

आमच्या सुतारकामाच्या आप्पा मिस्तरींनी दुसऱ्या दिवशी चौथा खांब खालून उघडला. हातभर म्हणजे हातभरच पोकळ! मिस्तरींनी टेप लावून मला दाखवलं आणि कानाला हात लावला. चाळीस वर्षं रंधा मारलेला माणूस कानाला हात लावतो, हे मी पहिल्यांदा पाहिलं.

पुढच्या आठवड्यात शेठ स्वतः ऑफिसात हजर. म्हटलं, आता काय तक्रार? तर शेठ हात जोडून म्हणाले, "मॅडम, मन्ही पोरनं लगीन शे. पलंग लेवाना शे. जरा दुकानलोंग चाला आन ठोकी द्या!"

सुट्टीच्या दिवशी मॅडम गेल्या, मीही गेलो. पहिल्या पलंगाला ठोकलं, नाही म्हणून मान हलवली. दुसऱ्याला ठोकलं, मान हलवली. तिसऱ्याकडे हात नेला, तसा दुकानदारच पुढे आला.

"मॅडम, त्याला राहू द्या. आत दुसरा आहे!"

*

आता माझी चूक सांगतो. लपवून काय उपयोग, गल्लीला पाठ आहे ती.

शीट निघाली, खांब दुरुस्त झाले, सात-सात थरांचा ऑइलपेंट खरवडून नक्षी मोकळी केली. राजूच्या शीटमागे तर लाकडी मोर निघाला. शीट काढताना हाच राजू अडवायला जमिनीवर बसला होता, आता गिऱ्हाइकाला मोबाइल दाखवायच्या आधी मोर दाखवायला लागला! पुढचं काम लाकडाला तेल-पॉलिश. वेळापत्रक माझ्याकडे होतं. मॅडमनी विचारलं, "मिरचीची आवक कधी सुरू होते?"

मी या मातीतला माणूस. जरा तोऱ्यातच म्हणालो, "अजून वेळ आहे मॅडम!"

सोमवारी नऊही दुकानांना पॉलिशचा हात मारला. मंगळवारी सकाळी धनराजशेठच्या दारात लाल मिरचीच्या पोत्यांचे तीन ट्रॅक्टर उभे. हमाल पोती आपटताहेत, वारा सुटलाय, आणि पॉलिश ओलं! दुपारपर्यंत सगळी गल्ली लालेलाल. मोर तर मसाला लावून ठेवल्यासारखा दिसत होता. जवळ जाईल तो शिंकायचा. सभापती बघायला आले, ते अकरा वेळा शिंकले आणि भाषण न करता परत गेले. त्याबद्दल काही लोकांनी माझे आभारही मानले.

मी मॅडमसमोर मान खाली घालून उभा. आप्पा मिस्तरी खांबाला नाक लावून आले, डोळे पुसले आणि म्हणाले, "साहेब, चिंता नको. आते ह्या लाकूडले सात पिढ्या वाळवी लागाव नही!"

मॅडम एवढंच म्हणाल्या, "वाळू द्या. मग घासू."

मुख्याधिकाऱ्यांनी आम्हा दोघांना बोलावलं. मी तोंड उघडायच्या आत मॅडम म्हणाल्या, "वेळापत्रकावर सही माझी आहे, सर." बोलणी त्यांनी खाल्ली. वीस वर्षांच्या नोकरीत माझी चूक कुणी स्वतःच्या अंगावर घेतली नव्हती, उलटं मात्र पुष्कळ झालं होतं.

*

आता पाहणी अधिकारी. नाशिकहून यायचे. अंगाने किरकोळ, पण नियमाचे इतके पक्के की चहा विचारला तर म्हणायचे, "चहा तपासणी नमुन्यात नाही."

त्यांच्या नमुन्यात प्रत्येक दुकानापुढे एक रकाना होता, "मालक हजर आहेत का?" मधल्या पाहणीला आठ दुकानांत मालक हजर, राजू मात्र माल आणायला सुरतेला गेलेला. गल्ल्यावर भाऊ होता. तो म्हणाला, "साहेब, मी आणि राजू एकच."

साहेबांनी त्याच्याकडे पाहिलं, लाल पेन काढलं आणि लिहिलं, "मालक गैरहजर." पाहणी रद्द! महिन्याने पुन्हा सगळं.

त्या दिवशी राजूला गल्लीने जे सुनावलं, ते लिहिण्यासारखं नाही. पण पुढच्या तारखेला गंमत झाली. नेमका त्याच दिवशी नवापूरला राजूच्या सख्ख्या मेहुणीचा साखरपुडा. राजू सकाळपासून नव्या कपड्यांत दुकानात घट्ट बसलेला. तिकडे सासरे बुवा पाहुण्यांसमोर विचारताहेत, "जावई कोठे शेतस?"

राजूची बायको म्हणाली, "त्या पाहनीले बठेल शेतस!"

नवापूरचे पाहुणे बिचकले. धाकटीच्या साखरपुड्यात थोरलीचा नवरा कुणाची पाहणी करतोय?

*

हे सगळं झालं, पण जीव अडकला होता नवव्या दुकानात.

नववं दुकान विमलमावशींचं, बांगड्यांचं. त्यांचे यजमान, म्हणजे सगळ्या गल्लीचे काका, गेल्यावर दुकान त्यांच्या नावावर झालं होतं. खांबांचं, नक्षीचं काम त्यांनी करू दिलं. पण दारावरचा फ्लेक्स काढायला तयार नाहीत. फ्लेक्सवर काकांचा मोठा फोटो. अटीत स्पष्ट लिहिलेलं की दर्शनी भागावर फ्लेक्स नको, फोटो नको. म्हणजे त्या एका फोटोवर नऊ दुकानांचं अनुदान लटकलेलं. आठ जणांनी पदरचे पैसे घालून काम केलेलं. धनराजशेठसारखा माणूस माझ्यापुढे रडकुंडीला आला.

मी नियमाचा कागद घेऊन गेलो. मावशींनी तो वाचला, घडी घातली, परत दिला.

"भाऊ, तुन्हा नियमना हात आन. त्याले बांगड्या भरी देस!"

मग मॅडम गेल्या. कागद नेला नाही. समोर बसल्या आणि हात पुढे केला. मावशींनी बांगड्या भरल्या. भरून झाल्यावर मॅडमनी रीतीप्रमाणे त्यांना नमस्कार केला आणि परत आल्या.

मी विचारलं, "मॅडम, फोटोचं काय म्हणाल्या?"

"विषय निघाला नाही."

चार दिवसांनी पुन्हा तेच, आठवड्याने पुन्हा तेच. साइटवर हातात घड्याळाशिवाय काही न घालणाऱ्या मॅडमचे हात मनगटापासून कोपराकडे हिरवेगार होत गेले. ऑफिसातल्या बायका मला कोपऱ्यात घेऊन विचारायला लागल्या, "लग्न ठरलं का रे मॅडमचं?" आणि शेवटची पाहणी तर चार दिवसांवर आलेली!

चौथ्या वेळी मी सोबत होतो. मावशींनी मॅडमचा हात हातात घेतला होता, बोटं दाबून बांगडी चढवत होत्या. दुसऱ्यांचे हात भरणाऱ्या त्या बाईचे स्वतःचे हात मोकळे होते. ते माझ्या त्या दिवशी ध्यानात आलं. मी नियमाचा कागद घेऊन आलो होतो या बाईकडे!

बांगडी चढवता चढवता, वर न बघता, मावशीच बोलल्या. "फोटो उतारा ते लोके काय म्हनतीन? वरीस नही व्हयनं, आन बाईनी माणूसले दुकानमाईन काढी दिधं!"

मॅडमचा हात मावशींच्या हातातच होता. मग त्यांनी एवढंच विचारलं, "काका कोठे बठेत?"

मावशींनी हनुवटीने गादी दाखवली. आत, दारासमोर, लोडाला टेकून बसायची जागा. "तठेच. चाळीस वरीस तठेच बठेत."

मॅडमनी नमस्कार केला आणि आम्ही उठलो.

*

पाहणीच्या दिवशी सकाळी गल्ली झाडून, सडा टाकून तयार. राजू कडक नव्या कपड्यांत, शेठ टोपी घालून, आप्पा मिस्तरी प्रत्येक खांबावरून उगाच फडकं फिरवताहेत. मी धावत नवव्या दुकानापाशी गेलो. फ्लेक्स नव्हता! दारावर फक्त लाकडात कोरलेलं दुकानाचं नाव. मावशींनी रात्रीच माणूस बोलावून उतरवला म्हणे. मला हायसं वाटलं आणि वाईटही वाटलं.

साहेब आले. पहिलं दुकान, दुसरं, तिसरं. नक्षी बघितली, वायरी बघितल्या, मोरासमोर जरा थांबले, शिंकले. प्रत्येक ठिकाणी, "मालक?" "हजर!" आठ झाली. मागे आठ मालक, मिस्तरी, मी आणि मॅडम अशी वरात नवव्या दुकानाशी आली.

साहेबांनी वर पाहिलं. नक्षी, नाव, सगळं नियमात. मग त्यांची नजर आत गेली आणि तिथेच थांबली.

गादीवर, लोडाला टेकवून, रस्त्याकडे तोंड करून काकांचा फोटो ठेवलेला. हार नाही, उदबत्ती नाही. पुढ्यात बांगड्यांचा डबा उघडून ठेवलेला. बाजूला मावशी बसलेल्या, डोक्यावर पदर, नजर खाली.

"हा फोटो?" साहेबांनी विचारलं.

धनराजशेठनी माझा दंड इतका दाबला की तीन दिवस दुखत होता.

मॅडम पुढे झाल्या. "साहेब, अट दर्शनी भागाची आहे. ते दुकानात बसलेत."

साहेब उंबऱ्याशी उभे राहून आत बघत राहिले. फोटोकडे, मग मावशींकडे, मग पुन्हा फोटोकडे. मग त्यांनी खिशातून पेन काढलं. लाल नव्हतं, निळं होतं. नमुना तळहातावर धरून लिहिलं, साक्षीदार म्हणून सही करायला माझ्याकडे दिला, आणि कुणाशी न बोलता गाडीकडे चालू लागले.

सही करायच्या आधी मी नववी ओळ वाचली.

मालक हजर आहेत का?

"होय. दोघेही."