झेंडूचा एक कण

विद्यापीठात सरकारी अनुदानातून इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोप आला, तेव्हा आईने त्याच्यासाठी झेंडूचा हार ओवून आणला. आयुष्यभर तिने हारच विकले. त्यावरच मी शिकले, घरातली पहिली पदवीधर झाले आणि आता याच विद्यापीठात संशोधन करते. पण परागांची धूळ त्या यंत्राला चालत नाही, म्हणून हार दाराबाहेरच अडकवावा लागला.

"सरकारचं म्हणजे आपलंच ना गं? मग आपल्याच हाराला मनाई?" आई हिरमुसली.

मला राहवलं नाही. हारातले किंचित पराग टिकलीएवढ्या तबकडीवर चिकटवून मी यंत्रात सरकवले. पडद्यावर हळूहळू एक काटेरी गोळा उगवला, एखाद्या निवांत ग्रहासारखा. वाटलं, एवढा खर्च होतो तो यासाठीच असावा. रोज हाताखालून निघून जाणारं जग कुणाला तरी एकदा सावकाश दिसावं.

आई पुढे सरकली. "माझ्या बोटांना चिकटतं ते पिवळं हेच?"

"हेच."

"काटे आहेत की याला! इतक्या वर्षांत कधी टोचलं नाही बघ."

ती कितीतरी वेळ आपल्या बोटांकडे बघत राहिली. निघताना तिने दारावरचा हार सरळ केला आणि आत डोकावून यंत्राला म्हणाली, "बस निवांत. ओळख झाली आता."