अंबडला जाऊन खांदा खाली ठेवला

आधी माफी मागते. चौथीपर्यंतच शिकले, त्यामुळे शुद्धलेखन चुकणार, आणि अक्षर तर कोंबडीने उकिरडा उकरल्यासारखं आहे. हे कोणाला दाखवणार नाही, तरी माफी मागितलेली बरी.

मी गावात ब्लाऊज शिवते. वर्षभर माझा उजवा हात खांद्याच्या वर जात नव्हता. हात गेला की मशीन गेली, आणि मशीन गेली की पुन्हा लोकांच्या रानात कापूस वेचणं. अंबडला एका मंगल कार्यालयात अंग मोकळं करायचं, चार दिवस तिथंच राहायचं शिबिर आहे असं कळलं. फीचे पैसे भायांनी (नवऱ्याच्या थोरल्या भावाने) उसने दिले, तेही नवऱ्याच्या हाती. भाया आणि मी बोलत नाही. ते समोर असले की माझा पदर डोक्यावर असतो.

कुंभार पिंपळगावहून सकाळची एसटी धरली. सोबत शेजारची गयाबाई, तिचे गुडघे दुखायचे. आधी ऊस लागला, मग मोसंबीच्या बागा. गाडी अशी आदळत होती की गयाबाई म्हणाली, "शिबिर तर हितंच होऊन राह्यलं की माय. अंबडला कशाला उतरायचं मंग?"

शिकवणाऱ्या मॅडम पुण्याच्या होत्या. आवाज इतका हळू, की ऐकू यावा म्हणून पंखे बंद करावे लागले. त्यांनी ओळीने सतरंज्या टाकल्या आणि म्हणाल्या, "पाठीवर झोपा. काहीच करू नका."

कोणी झोपेना. पाय दक्षिणेकडे येत होते, तसं मेलेल्याला ठेवतात. सगळ्याजणी सतरंज्यांसकट फिरलो. आता पाय गणपतीच्या फोटोकडे. पुन्हा फिरलो, तर समोर कार्यालयाच्या मॅनेजरचं टेबल.

"तिकडं चालतंय," गयाबाई म्हणाली. "त्यानं च्या बी इचारला न्हाई."

आडवी झाल्याबरोबर ती घोरायला लागली. दिवसाउजेडी पाठ टेकायची तिला शेवटच्या बाळंतपणानंतर ही पहिलीच संधी. मॅडमनी तिला उठवलं नाही, हे मला आवडलं.

दुपारी उकडलेले मूग मिळाले. आम्ही त्यात डब्यातला ठेचा कालवला. मॅडमनीही घेतला, आणि श्वास हळू घ्यायचा असतो हे थोडा वेळ त्या विसरल्या.

जेवणानंतर बसून खांद्यांचं सुरू झालं. "उजवा खांदा कानाकडे न्या, मुंगी चढते तसा. मग त्याहून हळू खाली सोडा." मी न्यायला गेले, तर तो आधीच तिथे होता.

मॅडम शेजारी येऊन बसल्या. "ताई, एवढा वर का धरलाय?"

"न्हाई धरला."

"मग सोडा बरं."

सोडला, आणि सवयीने डोक्यावर घेतलेला पदर घसरला. मी झटकन खांद्याने पकडला. तेव्हा माझं मलाच कळलं. नायलॉनची साडी डोक्यावर ठरत नाही. हात मशीनवर, भाया ओसरीवर, म्हणून लग्नापासून मी पदर खांद्यानेच दाबून धरत आले होते. हे मॅडमना सांगितलं.

"ते घरी असतात तेव्हाच ना?" मॅडमनी विचारलं.

"हो."

"घरी केव्हा असतात?"

"रिटायर झालेत."

मॅडम मग म्हणाल्या, "इथे तरी पडू द्या." पडू दिला. पुढचे दिवस मी तेवढंच केलं. खांदा मुंगीसारखा वर, मुंगीसारखा खाली. परतताना एसटीत जागा नव्हती. वरच्या दांडीला हात पोचला, तेव्हा मी गयाबाईकडे बघितलं.

"धरून राह्य," ती म्हणाली. "आता बसायला कुणी देणार न्हाई तुला."

घरी मशीनवर बसले. भाया ओसरीवर पेपर वाचत होते. खांदा आपोआप चढू लागला. चढताना मी त्याला ओळखलं, आणि हळू खाली सोडला. पदर पडला. उचलला नाही.

"पदर घे गं," सासूबाई म्हणाल्या. "थोरले बसलेत."

"पदर धरला की हात चालत न्हाई, आत्या. हात न्हाई चालला तर त्यांचे पैसे कुठून द्यायचे?"

भायांनी पेपर तोंडासमोर धरला. इतके दिवस मी झाकून घ्यायचे, आता ते घेऊ लागले. पेपर धरून त्यांचा खांदा दुखला असेल, पण शिबिराला जा असं मी कशी सांगणार?

दिवाळीच्या ब्लाऊजांवर फीचे पैसे निघाले. ते नवऱ्याकडे दिले नाहीत. ओसरीवर गेले आणि भायांच्या हातात ठेवले. त्यांनी पेपर खाली केला. चेहरा साधाच होता, लाजावं असं त्यात काही नव्हतं. त्यांनी नोटा मोजल्या.

"बराबर हायेत," ते म्हणाले.

सगळे फिटले.